नाकाचा कर्करोग: कामाच्या जागेवरची धूळ आणि वाफ कशी टाळावी

घोडबंदर रस्त्यावर, घणसोलीत किंवा उलव्यात नव्या इमारतीचा ताबा मिळाला की पुढचे काही महिने जिन्यात प्लायवूड कापणाऱ्या कटरचा आवाज घुमत राहतो. शेजाऱ्यांकडे धूळ जाऊ नये म्हणून दार लावलेले असते, खिडक्यांना प्लास्टिक बांधलेले असते, आणि आत तीन-चार सुतार दिवसभर कापणे, रंधणे, घासणे ही कामे करून रात्री त्याच खोलीत अंथरूण टाकतात. शेजाऱ्यांचे घर स्वच्छ राहते आणि सगळी धूळ आतल्या माणसांच्या वाट्याला येते. नाकाच्या कर्करोगाविषयी लिहिताना मला सुरुवात या खोलीपासून करावीशी वाटते. या आजाराच्या सिद्ध झालेल्या कारणांपैकी बरीचशी कामाच्या जागेवरची आहेत, आणि वागळे इस्टेटपासून दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे अशा ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्यांतली अनेक कामे रोज चालू असतात.

हा आजार दुर्मीळ आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. बहुतेक देशांत वर्षाकाठी लाख लोकांमागे एकालाही तो होत नाही, त्यामुळे सर्दीने नाक चोंदलेल्या प्रत्येकाने धास्तावून जाण्याचे कारण नाही. मात्र जो आजार सर्वसाधारण लोकांत इतका विरळा आहे, तोच काही ठरावीक धंद्यांतल्या माणसांत पुन्हा पुन्हा दिसू लागला, तेव्हा त्याचे मूळ कामात आहे हे ओळखणे शक्य झाले.

नाकाचा कर्करोग म्हणजे नेमका कुठला

नाकपुड्यांच्या मागे जी पोकळी आहे तिच्याभोवती हवेने भरलेल्या लहान-मोठ्या पोकळ्या असतात, त्यांना आपण सायनस म्हणतो. त्यांपैकी एक जोडी गालाच्या हाडात असते, एक कपाळात, चाळणीसारख्या बारीक कप्प्यांचा एक समूह दोन डोळ्यांच्या मध्ये आणि एक जोडी त्यामागे खोल. नाकाची पोकळी आणि हे सायनस यांच्या अस्तरात होणाऱ्या कर्करोगाविषयी हा लेख आहे. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला होणारा कर्करोग वेगळा धरला जातो. त्याचा संबंध एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूशी आहे, आणि भारतात तो एकंदरीने कमी असला तरी नागालँड, मणिपूरसारख्या ईशान्येकडील राज्यांत बराच दिसतो. फॉर्मल्डिहाइड या वायूचा विषय निघेल तेव्हा त्याचा उल्लेख पुन्हा करावा लागेल.

लाकडाची धूळ

सन १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम या गावाच्या परिसरात, जिथे खुर्च्या आणि फर्निचर बनवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, एस्मे हॅडफिल्ड या कान-नाक-घसा शल्यचिकित्सक महिलेच्या लक्षात आले की नाकाच्या एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगाचे रुग्ण फर्निचर कामगारांतूनच येत आहेत. डोनाल्ड अॅचेसन आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी याची पद्धतशीर नोंद केली आणि १९६८ साली ती प्रसिद्ध झाली. पुढे इतर देशांतही हेच आढळले. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या घटकांत, स्थान दिले. बीच आणि ओक यांसारख्या कठीण लाकडांच्या धुळीचा संबंध सर्वांत ठळक आहे, पण म्हणून आपल्याकडची लाकडे निर्धोक मानायला कोणताच आधार नाही.

हे घडते कसे, तेही समजून घेण्यासारखे आहे. श्वासाबरोबर आलेली तुलनेने मोठ्या कणांची धूळ फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही, नाकातच अडकते. निरोगी नाकात अस्तरावरची अतिसूक्ष्म केसासारखी लव हा कचरा शेंबडाबरोबर मागे ढकलून घशात आणून टाकते. वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांत ही हालचाल मंदावते, धूळ नाकाच्या वरच्या अरुंद भागात रेंगाळते आणि अस्तराचा दाह कायमचा होऊन बसतो. तिथल्या पेशी हळूहळू बदलतात आणि त्यांतून कर्करोग उपजण्यास तीस-चाळीस वर्षेही लागू शकतात. म्हणून आज पंचविशीतला कारागीर म्हणतो की आपल्याला काही होत नाही, आणि त्याचे म्हणणे आजपुरते खरेच असते.

धुळीचे प्रमाण किती असावे, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. युरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागेवरची मर्यादा जानेवारी २०२३ पासून एका घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅम अशी ठेवली आहे. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते, म्हणजे त्या मर्यादेनुसार पूर्ण खोलीच्या हवेत मिळून ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी धूळ तरंगायला हवी. चिमटीत धरलेले मीठसुद्धा याहून जास्त भरते. सँडर चालवल्यावर उन्हाच्या तिरिपेत जो पांढरा पडदा दिसतो, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

धूळ उठते तिथेच धरावी

प्रतिबंधाचा क्रम आपल्याकडे नेमका उलटा लावला जातो. आधी तोंडाला रुमाल, मग जमल्यास मास्क, आणि धूळ ओढून घेण्याची सोय मात्र कधीच नाही. वास्तविक १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये स्पष्टच म्हटले होते की धूळ वा धूर ओढून घेणारे साधन ते जिथे निर्माण होते त्या जागेच्या शक्य तितके जवळ लावावे. हे शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर आहे. एकदा धूळ खोलीभर पसरली की छतावरचा पंखा तिला केवळ या नाकाकडून त्या नाकाकडे नेतो.

कायमच्या कारखान्यात चक्रीकरवत, रंधायंत्र, राउटर (लाकडात खाचा कोरणारे यंत्र) या प्रत्येकाला नळी जोडून ती धूळ ओढणाऱ्या मोठ्या यंत्राकडे नेता येते. तेथे एवढेच पाहायचे की पिशव्या वेळेवर रिकाम्या होतात, नळ्यांना भोके पडलेली नाहीत, आणि पिशवी झटकण्याचे काम मुख्य जागेत होत नाही. हातातल्या सँडरला आणि कटरला आता धूळ बाहेर काढणारे तोंड असते. बहुतेक ठिकाणी ते तसेच उघडे असते किंवा त्याला नावापुरती कापडी पिशवी लटकत असते. तिथे व्हॅक्यूमची नळी जोडली तर फरक त्याच दिवशी डोळ्यांना दिसतो. व्हॅक्यूम घेताना त्यात हेपा फिल्टर, म्हणजे अतिबारीक धूळही अडवणारी गाळणी, आहे ना, हे विचारावे, कारण घरगुती साधा व्हॅक्यूम जाड भुसा ओढतो आणि बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत सोडतो.

फ्लॅटमधल्या कामात पहिला निर्णय कंत्राटदाराने आणि घरमालकाने मिळून घ्यायचा असतो. शक्य तेवढे कापकाम वर्कशॉपमध्ये करून तयार तुकडे जागेवर आणावेत, किंवा प्लायवूड विकत घेतानाच मापाने कापून घ्यावे. उरलेले कापकाम एकाच खोलीत करावे, तिथली खिडकी उघडी ठेवून बाहेरच्या दिशेने हवा फेकणारा पंखा बसवावा आणि झोपण्याची, जेवण्याची खोली वेगळी व दार लावलेली ठेवावी. सोसायटीने खिडक्या बंद ठेवायला सांगितले असेल, तर तोच नियम बदलून घ्यावा. घरमालकाने थोडा जास्त खर्च सोसावा, असे मी स्पष्टपणे म्हणेन. मॉड्युलर स्वयंपाकघरावर लाखो रुपये खर्च करणाऱ्याला एका व्हॅक्यूमचे भाडे जड नसते.

झाडू मारून सुका भुसा गोळा करणे आणि अंगावरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे, या दोन सवयी तर आजच मोडण्यासारख्या आहेत. रबाळ्याच्या एका गाळ्यात संध्याकाळी सुटीच्या वेळी कामगार रांगेने उभे राहून एकमेकांच्या कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा मारताना मी पाहिले आहे. दिवसभरात जेवढी धूळ नाकात गेली नसेल तेवढी त्या पाच मिनिटांत जात असावी. व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने साफसफाई करावी, कामाचे कपडे वेगळे ठेवावेत, आणि घरी जाण्यापूर्वी ते बदलावेत, कारण ते कपडे झटकण्याचे काम शेवटी घरातल्या बाईच्या नाकाशी येते.

मास्क: कुठला आणि कसा

रुमाल, गमछा आणि शस्त्रक्रियेचा निळा मास्क यांनी लाकडाची बारीक धूळ अडत नाही, कारण हवा कापडातून येण्याऐवजी कडेच्या फटीतून येते. धुळीसाठी एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी-२ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. तो लावल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडून पाहावा, आणि कडेने हवा लागली तर पट्ट्या व नाकावरची तार पुन्हा बसवावी. दाढी असेल तर तो बसत नाही, हे कारागिराला न दुखावता पण ठामपणे सांगावे लागते. मास्क ओला झाला, श्वास घेणे जड झाले किंवा आतून मळकट दिसू लागला की तो बदलायचा. मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात आठ तास असा मास्क घालून काम करणे किती कठीण आहे याची मला कल्पना आहे, आणि म्हणूनच सगळी भिस्त मास्कवर ठेवणारी व्यवस्था टिकत नाही. तो धूळ ओढण्याच्या सोयीनंतर उरलेल्या धुळीपुरता असावा.

फॉर्मल्डिहाइड, आणि त्याला मास्क का पुरत नाही

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांचे थर किंवा भुसा चिकटवण्यासाठी बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा राळेसारखा पदार्थ वापरतात. नवे कपाट उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो उग्र वास येतो, त्यात या वायूचा वाटा असतो. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात घातले, आणि त्याचा सर्वांत पक्का पुरावा नाकामागच्या घशाच्या कर्करोगाचा आहे. नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाबाबत पुरावा तुलनेने मर्यादित आहे. पण बोर्ड कापणाऱ्याच्या नाकात धूळ आणि वायू एकत्रच जातात, त्यामुळे व्यवहारात दोन्ही टाळायचे.

उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू बोर्डातून जास्त सुटतो, आणि आपल्या हवेत दोन्हींची वाण नाही. ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा म्हणून प्रमाणित केलेला माल मागून घ्यावा, कापलेल्या कडा उघड्या न ठेवता पट्टी लावून बंद कराव्यात, आणि काम झाल्यावर कपाटे उघडी ठेवून घर काही आठवडे हवेशीर ठेवावे. घरात राहणाऱ्यांचा धोका कारागिराच्या धोक्याच्या मानाने फारच थोडा असतो, हेही लक्षात असू द्यावे.

एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. त्यासाठी फॉर्मल्डिहाइडकरिता बनवलेल्या काडतुसाचा (वायू शोषणाऱ्या डबीचा) रेस्पिरेटर लागतो. पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि शरीररचनाशास्त्र विभागात काम करणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. नमुने जतन करायला वापरतात ते दहा टक्के फॉर्मलिन म्हणजे सुमारे चार टक्के फॉर्मल्डिहाइडचे द्रावण, आणि बाटलीतून येते ते मूळ फॉर्मलिन त्याच्या दहापट तीव्र. ते पातळ करणे, ओतणे, सांडलेले पुसणे ही कामे हवा ओढून घेणाऱ्या कपाटात किंवा खाली हवा खेचणाऱ्या टेबलावर करावीत, बरण्यांची झाकणे लगेच लावावीत आणि तयार द्रावण विकत घेणे परवडत असेल तर पातळ करण्याचे काम मुळातच टाळावे. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे समजू नये, कारण नाक त्या वासाला सरावते.

निकेल, क्रोमियम आणि चामडे

वेल्समधल्या क्लायडॅक येथील निकेल शुद्धीकरण कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नाकाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण विलक्षण होते. तिथली प्रक्रिया बदलली, धूळ कमी झाली, आणि १९३० नंतर कामाला लागलेल्यांत नाकाच्या कर्करोगाचा तो धोका जवळपास दिसेनासा झाला. कामाची पद्धत बदलल्याने हा आजार टळतो, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नसेल.

आपल्या पट्ट्यात शुद्धीकरण नसले तरी नळ, हँडल, सायकलचे भाग यांवर निकेल आणि क्रोमचा मुलामा देणारे छोटे कारखाने आहेत. तिथला संपर्क शुद्धीकरणाइतका नसतो, पण क्रोमिक आम्लाच्या हौदावरून उठणारे तुषार नाकाचा मधला पडदा जाळतात. आधी खपल्या धरतात, रक्त येते, पुढे पडद्याला भोक पडते आणि श्वास घेताना शीळ वाजते. दुखत नाही म्हणून कामगार ते अंगावर काढतो. हौदाच्या कडेला हवा ओढणारी चीर, द्रावणावर तरंगणारे प्लास्टिकचे गोळे किंवा फेस धरणारे रसायन, आणि शोभेच्या मुलाम्यासाठी घातक अशा सहासंयुजी क्रोमियमऐवजी त्याचे कमी घातक त्रिसंयुजी रूप, असे उपाय आहेत. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगचा धूर याच कुळातला आहे. चामड्याची धूळही पहिल्या गटात आहे. तळवे घासणाऱ्या आणि कडा गुळगुळीत करणाऱ्या चर्मकाराला सुताराचेच नियम लागू पडतात.

कामाबाहेरची कारणे थोडक्यात सांगायची तर विडी-सिगारेट हे मुख्य, आणि धुळीत काम करणाऱ्याने ती ओढणे म्हणजे एकाच अस्तरावर दोन मार. काही रुग्णांत एचपीव्ही विषाणू सापडतो. नाकातली एक प्रकारची साधी गाठ, जिला उलट वाढणारा पॅपिलोमा म्हणतात, काही जणांत कर्करोगात बदलते, म्हणून ती काढल्यावरही तपासणीला जात राहावे.

लक्षणे, आणि डॉक्टरांकडे न्यायचा कागद

या आजाराची अडचण अशी की तो सर्दीच्या वेषात येतो. फरक ओळखण्याची खूण म्हणजे एकच बाजू. एकच नाकपुडी सतत चोंदलेली, त्याच बाजूने रक्ताचे डाग किंवा घाण वासाचा स्राव, आणि हे तीन आठवड्यांहून जास्त चालले, तर थेंब घालत बसू नये. एका गालाला सूज किंवा बधिरपणा, वरचे दात विनाकारण हलणे, एका डोळ्यातून पाणी वाहणे, डोळा पुढे येणे, एकाऐवजी दोन दिसणे, वास जाणे, मानेत गाठ येणे, किंवा मोठ्या माणसाचा एकच कान दडा बसल्यासारखा राहणे, यांपैकी काहीही असले तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. ते दुर्बिणीने नाकाच्या आत पाहतील, गरज भासल्यास सीटी किंवा एमआरआय करतील, आणि निदान पक्के होते ते तुकडा काढून तपासल्यावरच. कळव्याचे महापालिका रुग्णालय, वाशीचे महापालिका रुग्णालय आणि पुढच्या उपचारांसाठी खारघर येथील टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक (कर्करोग उपचार व संशोधन केंद्र) ही ठिकाणे या भागातल्या माणसाला जवळची आहेत. वेतनाच्या मर्यादेत बसणाऱ्या कामगाराला कामगार राज्य विमा (ईएसआय) योजनेचा, आणि इतरांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मार्ग पाहता येतो. इमारतींत काम करणाऱ्या सुताराने वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून ठेवावी.

गर्दीच्या ओपीडीत ‘तुम्ही काय काम करता’ हा प्रश्न राहून जातो, आणि विचारलाच तर उत्तर येते ‘आता रिक्षा चालवतो’. तीस वर्षांपूर्वीची सुतारकी त्यात हरवते. म्हणून एका वहीच्या पानावर वर्षवार लिहून ठेवावे: कुठल्या साली कुठे काम केले, हातात कुठले यंत्र होते, लाकूड कुठले किंवा रसायन कुठले, हवा ओढण्याची सोय होती की नाही, मास्क कुठला होता. रसायनाच्या डब्यावरचे नाव आणि मालकाकडे असलेले सुरक्षा माहितीपत्रक यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कामगाराला ते पाहण्याचा हक्क आहे, आणि नकार मिळाला तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत लाकडाची धूळ आणि निकेलची संयुगे यांमुळे होणारे कर्करोग आहेत, त्यामुळे भरपाईची वेळ आली तर हेच पान पुरावा म्हणून कामी येते. ते आधार कार्डाच्या पाकिटात ठेवावे, त्याची एक प्रत घरच्यांकडे द्यावी, आणि दर वर्षी दिवाळीच्या सुटीत त्यात त्या वर्षाची ओळ भरावी.